मुंगसाला ठेवलेली दुधाची वाटी

शेजारच्या परसात, लुंगी-बनियनवर, हातात ज्वारीचं टोपलं धरून मी मुंगसाला नमस्कार केला. टोपलं हातात असलं की नमस्कार नीट होत नाही, म्हणून ते काखेत दाबलं. ते कलंडलं. अर्धी ज्वारी माझ्या चपलांवर, अर्धी मोरीच्या ओलीत. कोंबड्या माझ्या पायांवर तुटून पडल्या आणि मी एका पायावर नाचत, हात मात्र जोडलेलेच ठेवून, भिंतीवरच्या त्या मुंगसाकडे भक्तिभावानं पाहत राहिलो. त्यानंही मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पूर्ण तोंड दाखवलं. मग शेपटी ओढत पलीकडच्या तुरीच्या वावरात उतरलं.

आमच्याकडे मुंगसाचं तोंड दिसणं म्हणजे मोठा शकुन. लहानपणी आम्ही पोरं त्याच्यामागे रामाची आण घालत धावायचो, तोंड दाखव म्हणायचो. पुढे केस पिकले, चष्मा लागला, बसस्टँडजवळ स्टेशनरीचं दुकान टाकलं, चार लोकांत बसून अंधश्रद्धेवर बोलायलाही शिकलो. पण मुंगूस दिसलं की हात आपोआप जुळतात. त्याला मी काय करू?

ते मुंगूस तिथे कशासाठी आलं होतं, हा प्रश्न मात्र मला पडला नाही. मी त्या परसात कशासाठी उभा होतो, तेही तेवढ्यापुरतं विसरलो होतो.

मी तिथे कोंबड्या राखायला उभा होतो.

आमच्या शेजारी, जळगाव जामोदच्या अगदी कडेला, जिथून मागे पाहिलं की सातपुडा दिसतो, तिथे एक एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर राहतात. या माणसानं जन्मभर लोकांना कुठे कुठे नेऊन सोडलं. कोणाला देवाला, कोणाला दवाखान्यात, कोणाला सासरी. त्यांची बायको मात्र कुठेच गेली नाही. मी त्यांना वहिनी म्हणतो. माहेरचं लग्न असलं तरी वहिनी सकाळच्या गाडीनं जायच्या आणि जेवणाची पंगत उठली की परतीची गाडी पकडायच्या. कारण एकच, कोंबड्या. फार पूर्वी एकदा त्या दिराच्या भरवशावर कोंबड्या टाकून भावाच्या लग्नाला राहिल्या होत्या. परत आल्या तेव्हा खुराड्याचं दार उघडं आणि आत नुसती पिसं. तेव्हापासून त्यांनी दुसऱ्या कोणावर घर सोडलं नाही. त्या काळात नवरा दुसऱ्या गावी मुक्कामी, पोरगी शाळेत, आणि दिवसभर सोबतीला काय, तर या कोंबड्या. त्या त्यांच्याशी बोलतात. आमच्या भिंतीपलीकडून ऐकू येतं. रागावतात, समजूत घालतात, कधीकधी नवऱ्याला बोलायचं तेही कोंबड्यांना बोलून घेतात.

तर या वहिनींना समुद्र पाहायचा होता. दिवाळीनंतर पोरगी आणि जावई कोकणात जाणार होते आणि आईवडिलांना घेऊन जातो म्हणून हट्टाला पेटले होते. ड्रायव्हरभाऊ बॅग भरून बसलेले. वहिनी नाहीच म्हणत होत्या. शेवटी माझी बायको मध्ये पडली. तिनं वहिनींना सांगितलं की कोंबड्यांना काही झालं तर मला विचारा, मी जबाबदार. वहिनींनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं म्हणे, आणि मग हो म्हटलं. दुसऱ्या कोणाच्या शब्दावर त्या गेल्या नसत्या.

आता अडचण अशी की बायकोच्या गळ्यात तुळशीची माळ. आमच्या घरात अंडं येत नाही, आणि कोंबडीला तिनं कधी हात लावलेला नाही. म्हणून शब्द तिचा आणि काम माझं, अशी वाटणी झाली. ही वाटणी करताना तिनं माझ्याकडेही बराच वेळ पाहिलं होतं. ते मी मनावर घेतलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी वहिनींनी मला परसात नेऊन सगळं दाखवलं. ऊन वर आलं की खुराडं उघडायचं. दिवे लागायच्या आत बंद करायचं आणि कडी लावायची, नुसतं दार लोटायचं नाही. पाणी मातीच्या परळातच द्यायचं. कोपऱ्यात कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, पाटीत कोंबड्या अंडी घालतात, ती रोज उचलून ठेवायची. एक काळी कोंबडी होती, तुऱ्याची, जरा वयस्कर. तिला अंडी उबवायला रवणावर बसवलं होतं आणि तिची पिल्लं नुकतीच निघाली होती. आईच्या पंखाखालून लोकरीच्या गुंड्यांसारखी आत-बाहेर करत होती. वहिनी म्हणाल्या, आजवर घरात जेवढ्या कोंबड्या झाल्या त्यातल्या बहुतेक हिच्याच. मी मान हलवली. मी सगळ्यालाच मान हलवत होतो. शेवटी त्या भिंतीतल्या मोरीपाशी थांबल्या. तिथे फुटक्या पाट्याचा जाड तुकडा आडवा लावलेला होता.

“भाऊजी, येवढा दगड मात्र हालवू नका. इथून,”

“वहिनी, तुम्ही बिनघोर जा हो,” मी म्हणालो. “कोंबड्या काय, मी त्यायले शाळा शिकवून ठेवतो.”

त्या हसल्या, आणि ‘इथून’च्या पुढे काय होतं ते राहूनच गेलं. माणसाचं बोलणं पुरं होऊ द्यावं, हे मी दुकानात पोरांना रोज सांगतो.

पुन्हा मुंगसाकडे येतो. त्या दर्शनाच्या दिवशी दुकानात चमत्कार झाला. माझ्याकडे गेल्या वर्षीपासून हजेरीपटांचा एक गठ्ठा पडून होता. उंदरांनी एका बाजूनं चाखून सोडून दिलेला. दुपारी एका शाळेचे शिपाई आले आणि अख्खा गठ्ठा घेऊन गेले. कुरतडलेले कोपरेसुद्धा त्यांनी पाहिले नाहीत. मी घरी येताना जवळजवळ उड्या मारतच आलो. शकुन पावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगूस आलं नाही. मी ज्वारी टाकून भिंतीकडे पाहत बसलो. तिसऱ्या दिवशीही नाही. दुकानात दिवसभर एका पोरीनं खोडरबर बदलून नेलं, तेवढाच धंदा. मग माझ्या सुपीक डोक्यात आलं की बिचाऱ्याला यायला वाट कुठे आहे? भिंत उंच. मोरीला दगड. देव दारात येतो आणि आपण कडी लावून बसतो.

मी दगड बाजूला केला.

लिहितानाही बोटं थबकतात. पण केला. आणि एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला. घरून वाटीभर दूध आणून मोरीपाशी, अडुळशाच्या झुडपाआड ठेवलं. वाटीही साधी नाही. आमच्या लग्नातल्या आहेरात आलेली, माझं नाव कोरलेली. घरात बिननावाच्या वाट्या भरपूर होत्या. पण शकुनाचा पत्ता चुकू नये, लाभ ड्रायव्हरभाऊंच्या नावावर जाऊ नये, म्हणून मुद्दाम माझ्या नावाची घेतली.

दूध संपायला लागलं. कोण पीत होतं देव जाणे, गल्लीत मांजरीही आहेत. पण मी श्रेय मुंगसालाच दिलं, आणि खरंच, एका सकाळी ते पुन्हा दिसलं. या वेळी भिंतीवर नव्हे, मोरीच्या तोंडाशी. मी टोपलं आधी खाली ठेवून रीतसर नमस्कार केला. अनुभवातून माणूस शिकतो.

त्याच सुमारास कुटाराच्या पाटीतली अंडी बंद झाली. मी बायकोला समजावून सांगितलं की मालकीण गावाला गेली की कोंबड्या रुसतात, अंडी देत नाहीत, जनावराला माया असते. ती बिचारी हळहळली. तिनं तर हे फोनवर वहिनींनाही सांगितलं, आणि वहिनी तिकडे समुद्रावर म्हणे डोळे पुसत होत्या. कोंबड्या दिवसभर एकाच कोपऱ्यात गोळा होऊन राहायच्या. कोंबडा अवेळी ओरडायचा. मी त्यालाही विरहच म्हटलं.

झालं ते भर दुपारी. दुकान लोटून मी जेवायला घरी आलो होतो. हात धुतले तोच पलीकडून असा गलका उठला की बायकोच्या हातातली पळी खाली पडली. मी तसाच ओल्या हातानं धावलो. फाटक उघडून परसात गेलो तेव्हा कोंबड्या खुराड्याच्या पत्र्यावर, लिंबाच्या झाडावर, जिथे जागा मिळेल तिथे चढून बसल्या होत्या. काळी कोंबडी मात्र खालीच होती. भिंतीच्या कोपऱ्यात, पंख पसरून पडलेली. मानेपाशी रक्त. ती पळाली नव्हती. तिला उडता आलं असतं, पिल्लांना येत नव्हतं. दोन-चार पिल्लं तिच्या आसपास पडली होती, आणि मूठभर जिवंत पिल्लं अजून तिच्या पंखाखाली घुसायला बघत होती. तो पंख आता उचलला जात नव्हता.

मोरीतून राखाडी शेपटी बाहेर सरकताना मी पाहिली.

आणि मग मी काय केलं ते सांगतो. मी आधी पिल्लं उचलली नाहीत. कोंबडीला हात लावला नाही. बायको फाटकातून आत यायच्या आत मी धावत जाऊन दगड पुन्हा मोरीला लावला. पायानं नीट सारला. माती लोटली. वाटी विसरलो, पण त्या क्षणी मला वाटलं की सगळं झाकलं.

“काय आलं होतं?” बायकोनं विचारलं.

“बोका असल,” मी म्हणालो. “भित्तीवरून आला असल.”

तिनं पदर खोचला, खाली बसली, आणि जिनं आजवर कोंबडीचं पीस हाती धरलं नव्हतं तिनं त्या मेल्या कोंबडीच्या पंखाखालून एकेक पिल्लू काढून ओच्यात घेतलं. घरी आणून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली, वर बल्ब लावला. खोकं माझ्याच दुकानातलं, वह्यांचं. कण्या भिजवून बोटानं चारू लागली. देवघर आणि पिल्लांचं खोकं एकाच खोलीत. आंघोळ करून यायची, दिवा लावायची, की लगेच पिल्लांकडे. मी लिंबाखाली खड्डा खणून काळीला पुरली आणि हे पुण्यकर्म आपणच केल्यासारखा घाम पुसला.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. आमचं ठरलं होतं की आत्ता सांगायचं नाही. सांगितलं तर ती बाई समुद्र टाकून पहिल्या गाडीनं निघेल, असं बायको म्हणाली. आल्या की आपण समोर बसून सांगू. बायकोचं कारण खरं होतं. मला ते फार सोयीचं वाटलं, एवढाच फरक. पण बायकोला खोटं बोलता येत नाही. तिनं फोन माझ्या हातात दिला.

“भाऊजी, लय पाणी हाये हो,” वहिनी सांगत होत्या. मागून वाऱ्याचा आवाज येत होता. “पाय धरून वढते ते. मी तर भेलीच. यायनं हात धरला माहा, साऱ्या लोकायसमोर. काळी काय म्हणते?”

“मस्त हाये,” मी म्हणालो.

“पिल्लं फिरवते काय?”

“फिरवते ना. साऱ्या परसात.”

“तुमच्यामुळं पाहून राह्यली मी हे, भाऊजी. सांगजा तिले, चार दिवसांत येतो म्हणा.”

मी सांगतो म्हणालो. फोन ठेवल्यावर बायकोकडे पाहिलं नाही. खोक्यातली पिल्लं चिवचिवत होती, तेवढाच आवाज.

मधल्या दिवसांत मी आठवडी बाजारातही जाऊन आलो. तशीच काळी, तुऱ्याची कोंबडी मिळाली तर बरं, असं पोटात होतं. एका बाईपाशी मिळाली. पाय बांधलेली, उलटी टांगलेली. मी हातात घेतली. तिनं एक डोळा माझ्यावर रोखला. या वयात कोंबडीनं आपल्याला ओळखावं अशी अपेक्षा नव्हती, पण तिनं ओळखल्यासारखं वाटलं. मी ती परत दिली आणि मेथीची जुडी घेऊन घरी आलो. बायको म्हणाली, घरात मेथी होती.

वहिनी परत आल्या त्या रंगानं जरा काळवंडून, पण चेहऱ्यावर काहीतरी नवीन घेऊन. रिक्षातून उतरताच त्या घरात न जाता परसाकडे वळल्या. मी आणि बायको मागे. मी वाक्य जुळवत होतो. पहिलं वाक्य ‘वहिनी, एक सांगायचं होतं’ असं ठरलं होतं. त्यापुढचं जुळत नव्हतं. ते जुळायच्या आत बायको पुढे झाली आणि म्हणाली की ताई, शब्द मी दिला होता, चूक माझी झाली, दुपारच्या वेळी माझं लक्ष राहिलं नाही आणि बोक्यानं काळी मारली. काही पिल्लं वाचली ती घरी आहेत.

मी काय करत होतो? चपलेचा अंगठा तुटला होता. म्हणजे तुटलेला नव्हता, पण मी खाली वाकून तो पाहत होतो.

वहिनी खुराड्यापाशी ओट्यावर टेकल्या. बाकीच्या कोंबड्या त्यांच्याभोवती जमल्या. त्यांनी एकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, “म्या जायालेच नव्हतं पाह्यजे.” बायकोला नाही, मला नाही, कोंबड्यांना. ते वाक्य ऐकताना ड्रायव्हरभाऊ फाटकाशी बॅगा धरून उभे होते. समुद्रावर हात धरणारा तो माणूस. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि तेव्हा मला कळलं की मी एक कोंबडीच नाही घालवली.

तरीही मी बोललो नाही. हे लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आमच्याकडे आल्या. पदराआड काहीतरी होतं. बायको पिल्लांना कण्या घालत होती, मी चहा पीत होतो. त्यांनी पदर बाजूला केला आणि वाटी पुढे केली. घासून लख्ख केलेली. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून वाटीत कोकणातले काजू भरले होते. काठावर माझं नाव दुकानाच्या पाटीपेक्षा ठळक दिसत होतं.

“अडुळशाखाली होती,” वहिनी म्हणाल्या. “साय वाळली होती तिले. भाऊजी, मांजरीले दूध ठेवलं होतं काय तुम्ही?”

त्यांनी मला वाट करून दिली होती. हो म्हटलं असतं की संपलं असतं. माणसाला मांजरीचा कळवळा असू शकतो. पण बायकोनं वाटी हातात घेतली होती आणि ती काजूंकडे न पाहता नावाकडे पाहत होती.

“मुंगसाले,” मी म्हणालो. “दगड म्याच काढला होता, वहिनी. दर्शन व्हावं म्हणून. हिची काही चूक नाही.”

चहावर साय धरली. मी मान खाली घालून बसलो होतो आणि आता काय ऐकावं लागेल याची वाट पाहत होतो. वहिनी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पिल्लांच्या खोक्यापाशी बसल्या, एक पिल्लू उचलून गालाला लावलं आणि म्हणाल्या,

“आम्हीबी हात जोडतो हो त्याले, भाऊजी. पन दगड लावून.”

आणि पिल्लांचं खोकं उचलून त्या निघाल्या. फाटकापाशी थांबून त्यांनी माझ्या बायकोला हळूच काहीतरी सांगितलं, दोघी काही वेळ बोलत राहिल्या. मला ऐकू आलं नाही, आणि जवळ जाऊन ऐकायचं तोंड उरलं नव्हतं.

त्यानंतर बायको माझ्याशी कामापुरतं बोलायची. जेवण वाढलंय. मीठ संपलंय. दूधवाला आलाय. मी दुकानात लवकर जायला लागलो आणि उशिरा यायला लागलो. भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज यायचा. पिल्लांना रागवायच्या, समजूत घालायच्या. मी अंगणातला नळ जरा मोठा सोडायचो, म्हणजे ऐकू येऊ नये. वाटलं, आता ही बाई पुन्हा कधी उंबरा ओलांडायची नाही, आणि याला कारण मी.

मग एका दुपारी ताटात भाकरी टाकता टाकता बायको म्हणाली, “ताई उन्हाळ्यात पुन्हा जातो म्हणून राह्यल्या. ड्रायव्हरभाऊयसंग. कोंबड्यायचं मले विचारलं त्यायनं. मी हो म्हटलं.”

माझ्या घशात घास अडकला. डोळ्यांत पाणी आलं, ते ठसक्याचं म्हणता आलं हे बरं. मी पाणी प्यालो आणि सांगायला लागलो की यावेळी मी सकाळ-संध्याकाळ स्वतः दगड पाहीन, दुकान बंद ठेवीन, वाटल्यास परसातच खाट टाकीन.

तिनं दुसरी भाकरी वाढली.

“तुम्ही तेवढे दिवस सोनाळ्याले जाजा, तुमच्या बहिणीकडं,” ती म्हणाली. “तिच्या घरी कोंबड्या नाहीत.”